करारात न बसणारं वाक्य

वकीलबाईंना पहिली शिंक आली तेव्हा मी अजून दारातच होते. दुसरीला मी चपला काढल्या. तिसरीला त्यांनी टेबलावरचा पंखा भिंतीकडे वळवला, ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि विचारलं, "काकी, मिरचीचं काम करता काय?"

कांडप आहे, असं मी सांगितलं. लाल मिरची आणि मसाले कुटून द्यायचा धंदा. आमच्याकडे त्या यंत्राला डंक म्हणतात. लोखंडी मुसळं रांगेनं वरखाली होत असतात, खाली उखळं असतात आणि प्रत्येक उखळापाशी एकेक बाई आपल्या घरची मिरची राखत बसलेली असते. तो वास माझ्या अंगाला बारा महिने असतो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा लवकर भरत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, ऐसपैस बसायला मिळतं.

त्या वर्षातलं काही आठवायला गेले की सगळं लालसर धुक्यातून दिसतं. कांडपाच्या दारातून दुपारचं ऊन तिरपं आत येतं तेव्हा हवेत तरंगणारी भुकटी चमकते. पलीकडचं माणूस दिसतं, त्याचा हात हललेला दिसतो, पण चेहरा नीट कळत नाही. डंकाचा आवाज इतका सारखा असतो की थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो आणि माणूस उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखं काम करत राहतं. मी माझ्या लग्नाचा शेवट असाच उघड्या डोळ्यांनी, झोपेत चालल्यासारखा केला. भांडले मात्र पूर्ण शुद्धीत.

वकीलबाईंचं ऑफिस कसबा बावड्याच्या रस्त्याला, कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. बाई चाळिशीच्या होत्या. त्यांचे वडील आणि आजोबा बाजारातले तराजू-काटे दुरुस्त करायचे. मी मिरचीवाली म्हटल्यावर त्यांनी हे आपणहून सांगितलं आणि मला जरा बरं वाटलं. काट्याच्या घरातली बाई म्हणजे हातचं राखून बोलणार नाही, असं उगाच वाटलं.

मी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवला. फारकतीचा कागद. माझ्या मामांनी मध्ये पडून करून घेतलेला. स्टॅम्पपेपर, खाली आम्हा दोघांच्या सह्या, दोन्हीकडच्या जाणत्या माणसांच्या सह्या, त्यावर नोटरीचा शिक्का. सगळं झाल्यावर चहा झाला होता आणि मामा म्हणाले होते, झालं, मोकळी झालीस. आमच्याकडे असंच करतात. त्या कागदावर माणसं पुढचं आयुष्य काढतात, काहींनी त्यावर दुसरी लग्नंसुद्धा केली आहेत. मी आले होते ते एवढ्यासाठीच, की विजेच्या ऑफिसातला माणूस तो कागद बघून मीटर माझ्या नावावर करायला तयार नव्हता. मला वाटलं, वकिलाचा एखादा शिक्का कमी पडत असेल.

बाईंनी कागद सावकाश वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि म्हणाल्या, "काकी, ह्यानं काय होत नाही. तुम्ही आणि काका आज सकाळी जसे नवरा-बायको उठलात, तसेच आत्तापण आहात."

माझं डोकं फिरलं. आधी मामांना बोलले, मग नोटरीला, मग विजेच्या ऑफिसला आणि शेवटी समोर होत्या म्हणून वकीलबाईंनाही. त्यांनी मला मध्येच तोडलं नाही. मी दमल्यावर पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लहान मुलाला रस्ता सांगावा तसं सांगितलं. घटस्फोट कोर्टच देतं, मामा देत नाहीत. पण कोर्टात जाण्याआधी दोघांनी आपसात काय ठरवलंय ते नीट लिहून घेतलं तर पुढचं सोपं जातं. कोण कुठं राहणार, कुणाकडे काय जाणार, पोटगीचं काय. हा विभक्त राहण्याचा करार. वर्षभर नवरा-बायको म्हणून एकत्र न राहता झालं की दोघांच्या संमतीचा अर्ज करायचा, आणि तेव्हाही कोर्ट दोघांना परत विचारतं. जागेचं हस्तांतर करायचं तर त्याचा दस्त वेगळा, तो नोंदवायला लागतो. आणि हेही सांगितलं, की त्या माझ्या वकील होत्या, काकांच्या नव्हत्या. काकांनी कागद दुसऱ्या कुणाला तरी दाखवूनच सही करावी.

फीवर मी घासाघीस केली. वकिलाशी करत नाहीत म्हणे. मी डॉक्टरशीही करते. बाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काकी, मिरची वाळली की तिचं वजन उतरतं. माझं काम वाळत नाही." मी फी मान्य केली. चांगला विकणारा मला पहिल्या दोन वाक्यांत कळतो.

मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? मी घरून पाठ करून आले होते. डंक, खालची जागा, वरच्या दोन खोल्या, धंद्याचा परवाना आणि मीटर. सगळं नवऱ्याच्या नावावर होतं. पोटगी नको. पोटगी नको हे इतक्या घाईनं म्हणू नका, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढे बराच वेळ मला त्याचा अर्थ समजावला. मी ऐकलं, पण माझं लक्ष शेवटच्या गोष्टीवर होतं.

"आणि एक वाक्य पाहिजे," मी म्हटलं. "हे कांडप पहिल्यापासून बायकोनं उभं केलं, हे नवऱ्याला मान्य आहे. असं लिहून त्याखाली त्यांची सही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

ते वाक्य मला का पाहिजे होतं, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल. आमचं मूळ घर शिरोळकडचं, नदीच्या अंगाला. एका पुरात भिंती बसल्या आणि आम्ही लहान मुलीला घेऊन कोल्हापूरला आलो ते परत राहायला गेलो नाही. नवरा टेम्पोवर हमाली करायचे. मी दुसऱ्याच्या कांडपावर मिरची भाजायला बसायची. कढईपुढं बसून बसून मला मिरची कळायला लागली. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी नुसती जाळायला. कुणाच्या घरी दगडफूल जास्त घालतात, कुणाकडे तीळ चालत नाही, कोण खोबरं करपवून घालतं, हे मी बायकांच्या पिशव्या उघडायच्या आधी वासानं सांगायची. मार्केट यार्डात मिरची घ्यायला मालकीण मला पाठवायला लागली, कारण मी भाव पाडून आणायची. मला तेव्हाही राग लवकर यायचा. भाव करताना त्याचा उपयोग होतो, फक्त तो कधी खरा आणि कधी आणलेला, हे समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

मग एका म्हाताऱ्याचं जुनं कांडप बंद होणार असल्याचं कानावर आलं. त्याचा डंक मी घेतला. ती दुपार मला पुष्कळदा स्वप्नात येते. अंधारी, लांबट खोली. मुसळं थांबलेली, वर उचललेल्या स्थितीत, जणू खाली यायचं विसरलीत. म्हातारा खाटेवर बसलेला, मी जमिनीवर. तो भाव सांगतो, मी उठते, दारापर्यंत जाते, परत येऊन बसते. असं पुन्हा पुन्हा. बाहेरचं ऊन भिंतीवरून सरकत जातं. शेवटी म्हातारा म्हणतो, पोरी, मी दमलो, घेऊन जा. त्या स्वप्नात मी आहे, म्हातारा आहे, डंक आहे. नवरा नाही. ते त्या दुपारी कुठं होते, हे मला कधी आठवलंच नाही. टेम्पो बघायला गेले असतील, असं मी धरून चालले होते.

परवाना त्यांच्या नावावर झाला, मीटर त्यांच्या नावावर आलं, पुढे जागा घेतली ती त्यांच्या नावावर. तेव्हा तसंच व्हायचं. टेबलापलीकडचा माणूस विचारायचा, मालकाचं नाव? आणि बाई नवऱ्याचं नाव सांगायची. त्यात मला काही वावगंही वाटलं नव्हतं. कांडपावर सगळ्यांना ठाऊक होतं की भाव कोण ठरवतं आणि भांडण झालं तर कोण उभं राहतं. नवरा स्वभावानं मऊ. बायकांना ते आवडायचे. मालक किती शांत आणि मालकीण किती कडक, असं त्या माझ्या तोंडावर म्हणायच्या आणि मी हसायची.

गेल्या काही वर्षांत छोट्या धंदेवाल्यांचे व्हिडिओ करणारी माणसं गल्लोगल्ली फिरायला लागलीत. भर सीझनमध्ये त्यातलं एक जोडपं आमच्याकडे आलं. मी चाळणीवर होते, तोंडाला फडकं बांधलेलं, दोन्ही हात लाल. त्यांनी नवऱ्याला विचारलं, हे सगळं कसं सुरू झालं? आणि नवरा म्हणाले, मी पुरातनं उठून आलो, मी हे यंत्र सौदा करून घेतलं, मी एकेक गिऱ्हाईक जोडलं. मंडळी मदत करत्यात की. मागे चाळणीचा आवाज आणि माझी पाठ. पूर्ण व्हिडिओत मी आहे ती एवढीच, फडक्याची गाठ आणि पाठ.

तो व्हिडिओ फार चालला. लोक लांबून येऊन त्यांच्यासोबत फोटो काढायला लागले. मी त्या दिवशी काही बोलले नाही, आणि आमच्या घरात ही गोष्ट इतकी नवी होती की त्याची भीती दोघांनाही वाटली. मी भांडते तेव्हा घर ठीक असतं. त्या उन्हाळ्यात मी वरच्या खोलीत झोपायला लागले, ते खालच्या पडवीत. दिवसभर डंकाच्या आवाजात बोलायची गरज पडायची नाही. पावसाळ्यात डंक थांबला आणि मग घरातली शांतता ऐकू यायला लागली. श्रावणात ते शिरोळला भावाच्या मळ्यातल्या खोलीवर राहायला गेले. मुलगी पुण्याला नोकरीत. ती फोनवर म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, मला दोघांकडे जेवायला येता आलं पाहिजे. दिवाळी झाल्यावर मामा मध्ये पडले आणि तो फारकतीचा कागद झाला.

एका यंत्राच्या जिवावर उभा राहिलेला संसार एका व्हिडिओनं मोडतो का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. मी म्हणते, विचारणाऱ्यानं आपली पंचवीस-तीस वर्षं कुणाच्या तरी तोंडून एकदा ऐकून बघावीत, आणि त्यात आपण पाठमोरं असावं.

करार ठरवायला वकीलबाईंनी दोघांना एकत्र बोलावलं. नवरा शिरोळहून एसटीनं आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसले. बाईंनी एकेक कलम वाचलं. डंक बायकोकडे. व्हय. जागा आणि खोल्या बायकोच्या नावे करून देणार, त्याचा दस्त वेगळा. व्हय. परवाना, मीटर. व्हय, व्हय. मी रात्ररात्र जागून प्रत्येक व्हयसाठी भांडण तयार केलं होतं आणि ते सगळं माझ्या पोटातच राहिलं. रस्सीखेच खेळताना पलीकडच्यांनी एकदम दोर सोडला की माणूस पाठीवर पडतो, तसं मला होत होतं. बाहेर ऊन होतं, खालून झेरॉक्सच्या मशीनचा आवाज एका लयीत येत होता आणि मध्येच मला वाटलं की ही दुसऱ्याच कुणाची तरी वाटणी चाललीय, आपण नुसत्या बघायला आलोय.

मग बाईंनी ते वाक्य वाचलं.

"हे न्हाय," नवरा म्हणाले.

"का?" मी विचारलं.

"खरं न्हाय ते."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. पुरापासून सुरुवात केली आणि फडक्याच्या गाठीपर्यंत आले. खालचा मशीनचा आवाज थांबला, जिन्यात कुणीतरी दोन पायऱ्या चढून उभं राहिल्याचं कळलं. बाई म्हणाल्या, "काकी, झेरॉक्सवाल्यालापण एक प्रत मिळाली आता." तेव्हा मी थांबले.

नवरा खालच्या आवाजात बोलले. ते कायम तसेच बोलतात, म्हणून लोकांना त्यांचं खरं वाटतं. "पोती कुणी उचलली? पट्टा तुटला की मशिनीखाली कोण झोपायचं? उभं केलं म्हणतीस. धरून कुणी ठेवलं? तू एकटीच हुतीस, तर मी तिथं काय करत हुतो एवढी वर्षं?"

बाईंनी मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. मुख्यत्वे बायकोनं, असं लिहू का? नवरा नाही म्हणाले. दोघांनी मिळून? मी नाही म्हटलं. बायकोच्या पुढाकारानं? हे दोघांनाही आवडलं नाही. मिरचीच्या ढिगातून देठ निवडावेत तसे आम्ही एकेक शब्द उचलून बाजूला टाकत होतो. शेवटी बाईंनी स्पष्ट सांगितलं, की कायद्याच्या नजरेनं त्या वाक्याला काडीचं वजन नाही. ते असलं काय, नसलं काय, कोर्ट विचारणार नाही. पण त्याच्यापायी करार अडला तर बाकीचंही अडेल, आणि मग हा माणूस आज जे आपणहून देतोय ते मिळवायला किती वर्षं जातील हे त्यांनाही सांगता येणार नव्हतं. विचार करून या, म्हणाल्या.

ते दिवस संक्रांतीनंतरचे होते. नव्या मिरचीची आवक सुरू व्हायच्या बेतात होती. सीझन लागला की मला मान वर करायला सवड नसते, आणि मीटर दुसऱ्याच्या नावावर ठेवून आणखी एक सीझन काढायची माझी तयारी नव्हती. मी संध्याकाळी कळंब्याच्या तलावावर जाऊन बसायला लागले. पाण्यावर ऊन उतरताना बघायची. झोप धड लागत नव्हती, त्यामुळे तिथं बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि अर्धवट झोपेत ती अंधारी खोली यायची. खाटेवर म्हाताऱ्याच्या जागी कधी नवरा असायचे, कधी वकीलबाई.

यार्डात एक पद्धत आहे. वजन झालं, भाव ठरला, पोतं शिवायला घेतलं, की विकणारा ढिगातून एक मूठ मिरची उचलून वर टाकतो. ती वजनात धरत नाहीत. ती टाकली की सौदा पुरा झाला आणि माणसाचं मन साफ आहे, असं समजायचं. मी भावात कुणाला सोडत नाही, पण ती मूठ आजपर्यंत कधी मागितली नाही. मागितली तर विकणारा देतो, मात्र देताना त्याचं तोंड वाकडं होतं, आणि मग ती फक्त मूठभर मिरची उरते. तलावावर बसून माझ्या ध्यानात आलं की मी वकिलाच्या टेबलावर, शिक्क्याच्या कागदावर, तीच मूठ मागत बसले होते.

म्हणून मी माघार घेतली असं नाही. मी डाव बदलला. समोरचा एका जागी अडून बसला की आपण जागा बदलायची, हे मी फार लवकर शिकले. मी बाईंना फोन करून सांगितलं, कागदावरचं वाक्य सोडायला मी तयार आहे, पण त्या बदल्यात त्यांनी तुमच्यासमोर एकदा खरं बोलायचं. लिहायचं नाही, सही नाही. नुसतं तोंडानं. बाई म्हणाल्या, असं कलम नसतं. मी म्हटलं, कलम नकोच आहे.

दुसऱ्या खेपेला नवरा मसुदा शिरोळकडच्या एका वकिलाला दाखवून आले होते. त्या वकिलाची काही हरकत नव्हती. बाईंनी माझी अट त्यांना सांगितली. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. पंखा भिंतीकडे वळवलेला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हळूहळू वर उचलून परत खाली येत होतं.

मग ते बाईंशी बोलायला लागले. माझ्याशी नाही. म्हणाले, डंक घ्यायला गेलतो त्या दिवशीचं सांगतो. त्यांनी त्या दुपारचं सगळं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला, मी काय म्हटलं, मी कोणत्या बोलाला उठले, दारापर्यंत येऊन कशी थांबायची, थांबताना उजव्या हातानं पदर कसा खोचायची. मी विसरलेलंही त्यात होतं. म्हाताऱ्यानं मध्येच मला पाणी दिलं होतं आणि मी ते न पिता तांब्या पुढ्यात तसाच ठेवला होता, कारण पाणी प्यायलं की भाव मऊ होतो. हे त्यांनी सांगितलं आणि मला तो तांब्या दिसला, त्याच्या काठावरचा पोचासुद्धा दिसला. मी ऐकत होते आणि मला कळत नव्हतं की हे स्वप्न माझं आहे की त्यांचं.

"तुम्ही आत कुठं बसला होतात?" बाईंनी विचारलं.

"आत नव्हतोच. दाराच्या भाईर हुतो. खिडकीपाशी."

"का?"

त्यांनी शर्टाची बाही नीट केली. "भाव करायचा म्हटलं की माझी जीभ जड हुती. मला वाटलं, मी आत गेलो तर म्हातारा माझ्याकडं बघून बोलंल, आणि मी व्हय म्हणून बसंन. म्हणून भाईर उभा ऱ्हायलो. सगळी दुपार." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "त्या कॅमेऱ्यावाल्यांनी विचारलं, कसं सुरू झालं. आता खिडकीत उभा हुतो असं कोण सांगतंय व्हय? म्हणून आत हुतो म्हणालो. आणि आत एकालाच बसायची जागा हुती."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. इतकी वर्षं मी त्यांना टेम्पोकडे पाठवून दिलं होतं आणि ते माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर उभे होते.

"घाला ते वाक्य," नवरा बाईंना म्हणाले. "लिहा तसंच. बायकोनं उभं केलं. मी सही करतो."

"नको," मी म्हटलं.

"आता नको?"

"आता नको."

"मग एवढं कशाला रामायण केलंस?"

"ते माझं मी बघते. तुम्ही लिहायला सांगू नका."

"मी सांगणार. माझी सही हाय, माझं कलम हाय."

"वाक्य माझं आहे. मी मागितलं होतं, मी परत घेतलं."

बाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "काका-काकी, मी आजवर माणसं घेण्यावरनं भांडताना बघितलीत. देण्यावरनं भांडणारी पहिली गिऱ्हाइकं तुम्ही. एकदा काय ते ठरवा, मला तीन वाजता कोर्टात उभं राहायचंय."

मी ठाम राहिले आणि वाक्य बाहेर राहिलं. का, ते मी तेव्हा सांगितलं नाही. ते वाक्य लिहिलं असतं तर त्याच्याखाली ती खिडकी कायमची दबून राहिली असती, कोर्टाच्या फाइलमध्ये, शिक्क्यासकट. सौद्यात मी समोरच्याकडून शेवटचा पैसा काढून घेते, त्याची मला लाज वाटत नाही. पण माणसाची लाज काढून घेऊन करायचं काय? ती पुढे विकता येत नाही आणि घरात ठेवली की वास मारते. शिवाय खरं सांगायचं तर जे मी ऐकलं होतं ते वाक्यापेक्षा मोठं होतं. वाक्यात मी एकटी होते. त्यांनी सांगितलं त्यात मला कुणीतरी सबंध दुपार बघत होतं.

राग गेला असं मात्र नाही. व्हिडिओ अजून आहे, लोक अजून बघतात. त्यांनी खिडकीतलं मला कधीतरी घरात, जेवताना सांगितलं असतं तर, हा विचार आजही आला की माझ्या हातातलं भांडं जरा जोरात आपटतं.

बाई मसुदा दुरुस्त करून शेवटच्या प्रती काढायला बसल्या. खाली झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती, वेळ लागणार होता. मी भिंतीला टेकून बसले. पंखा आता कुणीतरी माझ्याकडे वळवला होता. मशीनचा आवाज खालून एका लयीत येत होता आणि थोड्या वेळानं ऐकू येईनासा झाला.

मला जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलं होतं. टेबलावर कराराच्या प्रती रचलेल्या होत्या. बाई कोर्टात जाऊन परत आल्या होत्या आणि दुसऱ्याच कुठल्या तरी फायलीत खालमानेनं काहीतरी लिहीत होत्या. नवरा त्यांच्या जागी तसेच बसले होते, एक खुर्ची सोडून, हात मांडीवर ठेवून. तोंडावर पाणी मारून मी विचारलं, उठवलं का नाही?

"मी म्हटलं होतं उठवूया," बाई म्हणाल्या. "काका म्हणाले, झोपू द्या. आवक लागली की तिला झोप मिळत नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बाईंनी मला सगळं परत एकदा वाचायला सांगितलं, अर्धवट झोपेत सही करायची नाही म्हणाल्या. मी वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बोट ठेवून. त्यात आमच्याबद्दल काही नव्हतं. कुणी कुठं राहायचं, काय कुणाकडे जायचं आणि कुणी कुणाला त्रास द्यायचा नाही, एवढंच होतं. सगळं बरोबर होतं. मी प्रत्येक पानाखाली सही केली, आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं.